महाराष्ट्र निसर्ग उद्यान: कचराभूमीवरचे रान आणि त्याचे फाटक

सायन आणि वांद्रे यांना जोडणाऱ्या रस्त्यावर, धारावीच्या बस आगाराजवळ, सुमारे ३७ एकरांवर महाराष्ट्र निसर्ग उद्यान पसरलेले आहे. मुंबईत ज्याला आपण बाग म्हणतो, म्हणजे कापलेली हिरवळ, मधोमध कारंजे, कडेने एकाच जातीच्या शोभेच्या झाडांची रांग आणि कोपऱ्यात झोपाळे, त्यातले इथे जवळजवळ काहीच नाही, आणि तीच या जागेची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे. हे परीक्षण लिहिताना दोन गोष्टी वेगवेगळ्या तोलायला हव्यात: पशुपक्षी, कीटक आणि वनस्पती यांना या जागेने काय दिले, आणि माणसांना, विशेषतः अगदी शेजारी राहणाऱ्या माणसांना, काय दिले. पहिल्या प्रश्नाचे उत्तर थक्क करणारे आहे. दुसऱ्याचे उत्तर अपुरे आहे, आणि ते पुरे करणे फारसे अवघड नाही, असे माझे ठाम मत आहे.

आज दाट सावली असलेली ही जमीन एकेकाळी शहराची कचराभूमी होती. १९७० च्या दशकाच्या अखेरीस येथे कचरा टाकणे थांबले आणि या जागी निसर्गशिक्षणासाठी उद्यान करावे, ही कल्पना वर्ल्ड वाइल्डलाइफ फंडाच्या भारतातील कार्यकर्त्यांनी लावून धरली. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने पैसा आणि यंत्रणा पुरवली. १९८३ मध्ये ज्येष्ठ पक्षितज्ज्ञ डॉ. सलीम अली यांच्या हस्ते येथे वृक्षारोपणाला आरंभ झाला, तेव्हा त्यांनी वयाची ऐंशी वर्षे केव्हाच ओलांडली होती. उद्यान लोकांसाठी खुले झाले ते १९९४ मध्ये. मधल्या अकरा वर्षांकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो, कारण हल्ली एका पावसाळ्यात खड्डे खणून, फलक लावून, छायाचित्र काढून वृक्षलागवडीचे काम संपले असे मानण्याची रीत पडली आहे.

कचऱ्याच्या ढिगावर झाड लावणे म्हणजे काय, हे ज्यांनी कधी असे काम केले आहे त्यांनाच नीट कळेल. कचरा आत वर्षानुवर्षे कुजत राहतो, त्यातून मिथेन आणि इतर वायू बाहेर पडतात, मुळांपर्यंत हवा पोहोचत नाही, उन्हाळ्यात वरचा थर तापतो आणि पावसाळ्यात जमीन ठिकठिकाणी खचते. त्यावर माती पसरायची, तग धरतील अशी झाडे आधी लावायची, त्यांचा पाचोळा खाली साठू द्यायचा आणि मग त्या पाचोळ्याच्या जिवावर अधिक नाजूक प्रकृतीची झाडे वाढवायची, असा हा क्रम असतो. करंजासारखी शेंगवर्गातील झाडे अशा वेळी उपयोगी पडतात, कारण त्यांच्या मुळांवरील गाठींमध्ये हवेतला नत्र साठवला जातो आणि जमीन हळूहळू कसदार होते. आज उद्यानात वड, उंबर, पांगारा, सावर, बहावा आणि ताम्हण यांच्याखालून चालताना पायाखाली काय आहे याची आठवणही होत नाही. या कामाला मी पैकीच्या पैकी गुण देतो.

उद्यानाचे खरे मोल मात्र झाडांच्या संख्येत नसून त्यांच्या निवडीत आहे. आपल्या शहरात झाड म्हणजे सावली आणि फार तर फूल, एवढाच हिशेब केला जातो. फुलपाखराच्या दृष्टीने हिशेब वेगळा असतो. फुलातला मध त्याला अनेक झाडांवर मिळू शकतो, पण अंडी घालण्यासाठी मादीला ठरावीकच वनस्पती लागते, कारण अळी दुसरे काही खात नाही. लिंबाच्या कुळातली झुडपे असली तर महाराष्ट्राने २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून घोषित केलेले, काळ्या पंखांवर निळाईचा पट्टा मिरवणारे फुलपाखरू तेथे वाढू शकते. परसातल्या कढीपत्त्यावरही त्याच्या भाऊबंदांच्या अळ्या सापडतात. रुई असेल तर तपकिरी-नारिंगी पंखांची, काळ्यापांढऱ्या टोकांची फुलपाखरे येतात, पानफुटी असेल तर तिच्या मांसल पानांच्या आत अळी बोगदे करते, आणि ईश्वरीचा वेल असेल तर लाल अंगाची, काळ्या पंखांची फुलपाखरे तो शोधून काढतात. ही झुडपे आणि वेल शोभेच्या बागेत तण म्हणून उपटले जातात. निसर्ग उद्यानात त्यांना जागा आहे, म्हणून पावसाळ्याच्या शेवटाला आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत येथे फुलपाखरांची जी वर्दळ असते, ती आसपासच्या कोणत्याही बागेत पाहायला मिळत नाही.

पक्ष्यांचेही तसेच आहे. या उद्यानात पक्ष्यांच्या शंभराहून अधिक जातींची नोंद झालेली आहे, आणि त्यामागचे कारण समजून घ्यायचे असेल तर झाडांकडे थरांनी पाहावे. उंच फांद्यांवर घारी आणि तांबट, मधल्या थरात टकाचोर आणि कोतवाल, झुडपांत बुलबुल, शिंपी आणि नाचण, जमिनीवर पाचोळा उलथणारा भारद्वाज, आणि पाण्याच्या काठाला वंचक व खंड्या, अशी विभागणी येथे मिळते. फक्त उंच झाडे लावून खाली फरशी घातली, तर वरच्या थरातले चारदोन पक्षी राहतील, बाकीचे निघून जातील. पिकलेल्या उंबरापाशी थोडा वेळ स्वस्थ उभे राहिले तरी या विभागणीचा अर्थ उलगडू लागतो. नवख्याने दुर्बीण नसली तरी हरकत मानू नये, कान उघडे ठेवावेत.

पाचोळ्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण इतर बागांनी येथून काही एकच गोष्ट घ्यायची असेल तर ती हीच घ्यावी. मुंबईतल्या बहुतेक बागांत सकाळी झाडलोट होते, पाने गोळा करून पिशव्यांत भरली जातात आणि कचरागाडीत जातात. कागदावर ही स्वच्छता असते. प्रत्यक्षात त्या पानांबरोबर गांडुळे, वाळा साप, गोगलगायी, भुंग्यांच्या अळ्या आणि त्यांच्यावर जगणाऱ्या पक्ष्यांचे अन्नही त्या गाडीत जाते, आणि उघड्या पडलेल्या जमिनीला मग पाणी अधिक लागते, खत विकत आणावे लागते. शिवाय बुंध्याला चिकटून पेव्हर ब्लॉक बसवले की मुळांना ना पाणी मिळते ना हवा, आणि पहिल्या वादळात ते झाड आडवे होते. निसर्ग उद्यानात पान जेथे पडते तेथे कुजू दिले जाते, पडलेल्या फांद्या नि ओंडके यांनाही जागा मिळते, आणि त्यामुळे जमीन पाऊल टाकताच मऊ लागते. काही भेट देणाऱ्यांना ही जागा अस्ताव्यस्त वाटते, असे मी ऐकले आहे. त्यांना मी एवढेच सांगेन की येथली अस्ताव्यस्तता निष्काळजीपणातून आलेली नाही, ती राखावी लागते, आणि ती राखणाऱ्या माळ्यांना झाडूने अंगण लख्ख करणाऱ्यापेक्षा अधिक ज्ञान लागते.

उद्यानाची उत्तरेकडची बाजू मिठी नदीला लागून आहे. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून निघालेली ही नदी माहीमच्या खाडीला मिळण्यापूर्वी येथून जाते, आणि तिच्या काठाला तिवरांची दाटी आहे. चिखलातून वर आलेली तिवरांची श्वसनमुळे भरतीच्या पाण्याचा जोर मोडतात, गाळ धरतात आणि माशांच्या पिलांना आसरा देतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठीने जे रूप दाखवले, त्यानंतर तरी नदीकाठच्या प्रत्येक मोकळ्या एकराचे मोल शहराला कळायला हवे होते. पलीकडच्या काठावर वांद्रे-कुर्ला संकुलाच्या काचेच्या इमारती आहेत, आणि त्याही याच नदीच्या खाजणावर भराव घालून उभ्या राहिल्या आहेत. नदीच्या पाण्याला येणारा उग्र दर्प आणि ओहोटीच्या वेळी मुळांत अडकलेले प्लास्टिक पाहून मन खिन्न होते, पण त्याचा दोष उद्यानाकडे जात नाही, तो वरच्या साऱ्या शहराकडे जातो. आपल्या हद्दीत उद्यान जे करू शकते ते करते.

मधोमध असलेल्या शिक्षण केंद्राची इमारत, पावसाचे पाणी साठवण्याची व्यवस्था आणि तळे, गांडूळखताचे काम, औषधी वनस्पतींची लागवड, हे सारे शाळांच्या सहलींसाठी उत्तम आहे. शिक्षकांनी मुलांना आणण्यापूर्वी केंद्राशी बोलून मार्गदर्शक मागून घ्यावा. मार्गदर्शकाशिवाय चाळीस मुलांची रांग या वाटांवरून नेली तर मुले झाडे पाहत नाहीत, एकमेकांच्या पाठी पाहतात.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो.

उद्यानाच्या फाटकासमोर रस्ता ओलांडला की धारावी सुरू होते. साधारण अडीच चौरस किलोमीटरहून कमी जागेत तेथे लाखो माणसे राहतात आणि तेथेच काम करतात. कुंभारवाड्यातल्या भट्ट्या, चामड्याची कामे, शिलाईचे गाळे आणि प्लास्टिक वेगळे करण्याचे कारखाने यांच्यामधून जाणाऱ्या गल्ल्यांत दोन माणसे समोरासमोर आली तर एकाला अंग चोरावे लागते. मुंबईत दर माणशी मोकळ्या जागेचे प्रमाण सव्वा चौरस मीटरच्या आसपास असल्याचे वारंवार सांगितले जाते, आणि केंद्र सरकारच्या नगरनियोजन मार्गदर्शक तत्त्वांनुसार ते दहा ते बारा चौरस मीटर असावे. धारावीत तर हे सव्वाचे प्रमाणही स्वप्नवत आहे. अशा वस्तीच्या उंबरठ्यावर सदतीस एकरांचे रान असावे, आणि तरीही तेथल्या बहुसंख्य रहिवाशांच्या रोजच्या आयुष्यात त्याला स्थान नसावे, ही या जागेची सर्वांत मोठी उणीव आहे.

याचे मुख्य कारण वेळ आहे. उद्यान सकाळी कामाची गडबड सुरू झाल्यावर उघडते आणि संध्याकाळ होण्यापूर्वी बंद होते. ज्याला नोकरी आहे, गाळ्यावर जायचे आहे, किंवा जिला पाणी भरून, डबे करून मुले शाळेत धाडायची आहेत, त्यांच्यासाठी ही वेळ असून नसल्यासारखी आहे. प्रवेशशुल्क फार नाही, हे मान्य. पण पाच जणांच्या घराने ते आठवड्यातून दोनदा द्यायचे म्हटले तर तो खर्चाचा विषय होतो, आणि बसायला झाडाची सावली मिळावी यासाठी खर्चाचा विचार करावा लागू नये. वृद्ध आणि चाकाच्या खुर्चीवरील व्यक्ती यांचाही विचार झाला पाहिजे, कारण आतल्या भागातल्या अरुंद, उंचसखल वाटा त्यांच्यासाठी सोयीच्या नाहीत.

यावर एक गंभीर आक्षेप घेतला जातो आणि तो फेटाळण्यासारखा नाही. माणसांना मोकळे सोडले की आवाज येतो, खाऊच्या पिशव्या येतात, भटकी कुत्री मागोमाग येतात, फुले तोडली जातात, आणि मग उद्यान इतर बागांसारखे होते, असे संवर्धनाचे काम करणारे सांगतात. विशेषतः संध्याकाळ ही रातथाऱ्याची वेळ असते. पोपट, साळुंक्या आणि बगळे झाडांवर परततात, आणि त्या वेळी खाली गर्दी व दिवे असतील तर ते जागा सोडतात. म्हणून संध्याकाळी सारे उद्यान खुले ठेवावे असे मीही म्हणणार नाही, आणि आत दिव्यांचे खांब तर मुळीच नकोत.

पण पहाटेचे काय? संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात बिबटे आहेत, आणि तेथेही सकाळच्या फेरीसाठी येणाऱ्या नागरिकांना पास देण्याची पद्धत रुळलेली आहे. बिबट्यांच्या जंगलाला जे झेपते ते निसर्ग उद्यानाला न झेपण्याचे कारण मला दिसत नाही. उजाडल्यापासून नियमित वेळेपर्यंतचे दोन तास धारावीतल्या रहिवाशांना नाममात्र वार्षिक पासावर, किंवा ज्येष्ठांना विनामूल्य, खुले करता येतील. संध्याकाळसाठी फाटकालगतचा, रस्त्याच्या बाजूचा एक पट्टा वेगळा काढता येईल. तेथे आवाज तसाही वाहनांचा असतोच, त्यामुळे पक्ष्यांचे नवे नुकसान फारसे होणार नाही. त्या पट्ट्यात सपाट, सिमेंटविरहित पण घट्ट दाबलेल्या मुरमाची वाट, बाके, पिण्याचे पाणी आणि स्वच्छतागृह असावे. मधला भाग आजच्याप्रमाणे दिवसाच्या वेळेत सर्वांना, आणि तिवरांचा व दाट झाडीचा भाग फक्त मार्गदर्शकासोबत लहान गटांना, अशी तीन भागांची रचना केली तर माणसांची संख्या वाढूनही रानाला धक्का लागणार नाही.

मार्गदर्शक कोठून आणायचे, असे कोणी विचारेल. रस्त्यापलीकडून आणावेत. धारावीतल्या तरुणांना मराठी, हिंदी आणि तमिळ या तिन्ही भाषा सहज येतात, जे बाहेरून येणाऱ्या कोणत्याही तज्ज्ञाला क्वचित जमते. त्यांना वर्षभराचे प्रशिक्षण आणि नियमित मानधन दिले, तर उद्यानाला राखणदार मिळतील आणि वस्तीला ही जागा आपली वाटेल. फलकांचेही असेच. झाडाच्या खोडावर त्याचे शास्त्रीय नाव असणे चांगलेच, पण त्या झाडावर कोण अंडी घालतो, फळ कोण खातो आणि आपल्या आजीने त्याची साल कशासाठी वापरली असती, हे दोन साध्या वाक्यांत लिहिले तर दहा वर्षांचे मूलही तेथे थांबून वाचेल.

लोकांसाठी दार उघडण्याचा आग्रह मी धरतो त्यामागे आणखी एक कारण आहे. ही जमीन संरक्षित वन म्हणून नोंदलेली असूनही धारावी पुनर्विकासाच्या अधिसूचित क्षेत्राच्या संदर्भात तिचे नाव आले, तेव्हा पर्यावरण कार्यकर्त्यांना मुंबई उच्च न्यायालयात जावे लागले. २०२३ मध्ये सरकारी बाजूने उद्यान पुनर्विकासातून वगळलेले असल्याचे न्यायालयात सांगण्यात आले, ही दिलासा देणारी गोष्ट आहे. त्या लढ्यात जे उतरले त्यांचे ऋण मोठे आहे, पण ते मूठभर होते. रोज सकाळी ज्या पाचदहा हजार माणसांचे पाय या वाटांना लागतील, ती माणसे पुढच्या वेळी आपणहून उभी राहतील. वांद्रे-कुर्ला संकुलातून मिठीवरून पादचाऱ्यांसाठी पूल करून उद्यानाला जोडावे, अशीही कल्पना मधल्या काळात मांडली गेली होती. तिला माझा विरोध नाही, मात्र दुपारच्या जेवणानंतर फेरी मारायला येणाऱ्या कचेरीतल्या लोकांसाठी पूल बांधण्याआधी, समोरच्या फाटकापुढे रस्ता सुरक्षितपणे ओलांडण्याची सोय पाहिली जावी. लहान मुलांना घेऊन हा रस्ता पार करणे आज धोक्याचे आहे.

आपल्या प्रभागात छोटी बाग असलेल्या वाचकांना येथून बरेच नेता येईल. २०२० पासून मुंबई महानगरपालिकेने जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ अकिरा मियावाकी यांच्या पद्धतीने दाट लागवडीचे अनेक तुकडे तयार केले आहेत, आणि झटपट हिरवाई हवी तेथे ते ठीक आहे. पण त्या दाटीत माणसाला शिरता येत नाही, आणि झुडूप, वेल, उघडे गवत, पाणवठा यांची विविधता सहसा नसते. बागेचा एक कोपरा न झाडता सोडणे, कडेला करवंद, अडुळसा, रुई आणि कढीपत्ता लावणे, पक्ष्यांसाठी उथळ पाणी ठेवणे आणि रात्री झाडांवरची रोषणाई बंद करणे, यांना वेगळा निधी लागत नाही. गृहसंकुलाच्या सभेत हे मांडले तर डासांचा प्रश्न हमखास येतो. त्याचे उत्तर असे की डास साचलेल्या, मासे नसलेल्या पाण्यात वाढतात, पाचोळ्यात नव्हे. पाणी दोनतीन दिवसांनी बदलावे किंवा तळ्यात गप्पी मासे सोडावेत.

जाणाऱ्यांसाठी थोडी माहिती देतो. मेट्रो ३ चे धारावी स्थानक मे २०२५ मध्ये सुरू झाल्याने दक्षिण मुंबईकडून येणे पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. सायन किंवा वांद्रे स्थानकाबाहेरून धारावी आगाराकडे जाणारी बेस्टची बसही मिळते. पक्ष्यांसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी, फुलपाखरांसाठी सप्टेंबर-ऑक्टोबर हा काळ उत्तम. पावसाळ्यात वाटा निसरड्या होतात, म्हणून पकड असलेले बूट घालावेत आणि अंगभर कपडे वापरावेत, कारण डास असतात. भडक रंग आणि अत्तर टाळावे. वेळेत बदल होत असल्याने निघण्यापूर्वी दूरध्वनीवर चौकशी करावी. उद्यानाच्या रोपवाटिकेत देशी रोपे विक्रीला असतील तर घरच्या गॅलरीसाठी शोभेचे काही मागण्याऐवजी फुलपाखरांच्या अळ्यांना चालणारे झुडूप द्या, असे तेथल्या माळ्यांना सांगावे. ते योग्य रोप निवडून देतात, आणि कुंडी केवढी हवी, ऊन किती हवे, हेही नीट समजावून सांगतात.